थिजलं, वितळलं, आटलं, उडालं

डिसेंबर लागला की पुण्यात खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. मग ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करायची किंवा गॅलरीत उन्हाला ठेवायची. थोड्या वेळानं कडेचं तेल पांढऱ्याचं पारदर्शक व्हायला लागतं, मधला गोळा लहान लहान होत तळाशी बसतो, आणि शाळेची रिक्षा यायच्या आत डोक्याला तेल लागतं. दर थंडीत घरोघरी हे घडतं. चौथी-पाचवीच्या मुलांना स्थायू, द्रव आणि वायू शिकवायचे असले की मी याच बाटलीपासून सुरुवात करते.

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यामुळे पुण्या-नाशकाकडच्या हिवाळ्यात ते सकाळी स्थायू असतं आणि दुपारी द्रव. मालवणच्या किंवा पणजीच्या मुलानं थिजलेलं तेल कदाचित पाहिलंही नसेल. त्याच्यासाठी वाटीभर तेल फ्रीजमध्ये ठेवलं की झालं. महत्त्वाचं हे की तेल तेच राहतं. कुणी त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही, तरी ते ओतता येत नव्हतं आणि आता ओतता येतं.

हे इतकं आवर्जून सांगते, कारण बहुतेक मुलांच्या डोक्यात तीन कप्पे आधीच तयार झालेले असतात. दगड स्थायू, पाणी द्रव, हवा वायू. पेपरात याला पूर्ण गुण मिळतात. पण ‘मग तूप काय?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मुलांना अवस्था ही वस्तूची जात वाटते, माणसाच्या आडनावासारखी, न बदलणारी. ती त्या वस्तूची त्या वेळची स्थिती आहे हे कळायला एकच वस्तू दोन रूपांत डोळ्यांसमोर यावी लागते. म्हणून मी आधी बदल दाखवते, आणि कोणती वस्तू कोणत्या गटात हा प्रश्न पुष्कळ उशिरा काढते. पालकांनाही माझी हीच विनंती आहे. मुलाला तक्ता पाठ करून घ्यायच्या आधी आठवडाभर त्याच्याबरोबर स्वयंपाकघरात उभे राहा.

आणि उभे राहिल्यावर कान उघडे ठेवा. पुस्तकात बाष्पीभवन, संघनन, उत्कलन असे शब्द येतात आणि मुलं ते बिचकत पाठ करतात. पण यातला प्रत्येक बदल आपल्या घरात रोज बोलला जातो. मी मुलांना एक आठवडा देते आणि सांगते, घरातली माणसं बोलताना असे शब्द पकडा आणि वहीत लिहून आणा. मुलं काय काय आणतात! तूप थिजलं. दूध आटलं. विहीर आटली. कपडे वाळले. फरशी सुकली. अत्तर उडालं. गारा वितळल्या. गवतावर दव पडलं. ग्लासला घाम आला. एका मुलीनं एकदा ‘रडून रडून डोळ्यांतलं पाणी सुकलं’ असं आणलं होतं, आजीच्या तोंडचं. ते मी फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं.

मग विचारायचं, यातल्या कुठल्या शब्दांत एकच गोष्ट घडतेय? इथे घाई करायची नाही, मुलांना भांडू द्यायचं. दूध आटणं आणि कपडे वाळणं यांचा काय संबंध, असं सुरुवातीला त्यांना वाटतं. एक चुलीवर, एक दोरीवर. पण बोलता बोलता कुणीतरी म्हणतंच की दोन्हीतलं पाणी गेलं. विहिरीतलं गेलं, फरशीवरचं गेलं, डोळ्यांतलंही गेलं. आटणं, वाळणं, सुकणं या तीन शब्दांच्या आड एकच घटना आहे हे मुलांना स्वतःहून दिसलं, की ‘बाष्पीभवन’ हा शब्द सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत. अत्तरातून पाणी जात नाही, अत्तरच जातं, हेही त्यांच्याच लक्षात येतं. मुलांना आधीच माहीत असलेल्या गोष्टीला आपण फक्त एक सामाईक नाव देतो.

‘गेलं’ म्हणजे कुठे गेलं, हा मात्र खरा प्रश्न. बासुंदीचं दूध आटवताना मुलाला विचारून पाहा. ‘जळालं’, ‘भांड्यानं शोषलं’, ‘नाहीसं झालं’ अशी उत्तरं येतात आणि ती अगदी विचारपूर्वक दिलेली असतात. अशा वेळी स्टीलचं गार झाकण पातेल्यावर तिरकं धरा, अर्थात मोठ्यांनी. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब जमतात आणि कडेनं ओघळतात. ते थेंब मुलाला बोटावर घेऊन बघू द्या. पांढरे नसतात, गोड नसतात. दुधातलं पाणी तेवढं वर गेलं, बाकीचं पातेल्यात राहिलं. त्या एका थेंबानं होतं ते चार परिच्छेद वाचून होत नाही.

शब्दांच्या बाबतीत मराठीत एक जागा फार निसरडी आहे. वितळणं आणि विरघळणं. बोलताना आपण सर्रास ‘बर्फ विरघळला’ म्हणतो, आणि त्यावरून मुलाला टोकायचं कारण नाही. पण या दोन शब्दांची गल्लत पुढे आठवी-नववीपर्यंत त्रास देते, म्हणून फरक हातानं करून दाखवावा. तीन वाट्या घ्या. एकीत साखरेचे दाणे, दुसरीत बर्फाचा खडा, तिसरीत मेणबत्तीचा तुकडा. तिन्ही वाट्या गरम पाण्याच्या परातीत तरंगत ठेवा. बर्फ लगेच पाणी होतो. पाणी चांगलं कढत असेल तर मेणही पातळ होतं. साखर आहे तशीच बसून राहते. आता साखरेच्या वाटीत चमचाभर पाणी घाला आणि ढवळा. दाणे दिसेनासे झाले. मेणाला फक्त उष्णता लागली, साखरेला सोबत लागली, दुसरा पदार्थ लागला. साखर साधी तापवून वितळवायची तर कढईच हवी, आणि ती आधी सोनेरी, मग तपकिरी होत जाते. ज्यांच्या घरी नुसत्या साखरेची चिक्की करतात, त्या मुलांनी ते पाहिलेलं असतं.

आता रव्याकडे येते, कारण कुठल्याही वर्गात सगळ्यात रंगलेली चर्चा रव्यावरून होते. द्रवाला स्वतःचा आकार नसतो, तो भांड्याचा आकार घेतो, हे मुलांना पाठ असतं. मग मी रव्याचा डबा काढते. वाटीत ओतला, वाटीचा आकार घेतला. बाटलीत ओतला, बाटलीचा घेतला. वाहतोसुद्धा. मग रवा द्रव का नाही? वर्गाचे दोन तट पडतात. मी काही सांगत नाही. एक ताट घेते आणि सावकाश रवा ओतते. मध्ये ढीग होतो, टेकडीसारखा, आणि तसाच राहतो. दुसऱ्या ताटात तेवढंच पाणी ओतते. ते पसरतं आणि सपाट होतं. मग काळ्या कागदावर चिमूटभर रवा पसरून भिंग देते. एकेक दाणा कोनाकोनांचा, ओबडधोबड, आपापला आकार धरून बसलेला. वाटी बदलली तरी दाण्याचा आकार बदलत नाही. मुलं भिंगावरून डोकं वर काढतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं की वाद मिटला. वाळू, मीठ, कणीक, राख यांचा प्रश्न मग त्यांची तीच सोडवतात.

मधाचा, टूथपेस्टचा, दह्याचा प्रश्नही कुणीतरी काढतं. मध सोपा आहे, तो सावकाश वाहतो पण वाहतो. टूथपेस्ट आणि दही यांच्या बाबतीत ‘हे नीट कुठल्याच एका गटात बसत नाही’ असं सांगावं. त्यात स्थायूचे बारीक कण आणि द्रव एकत्र नांदतात. वस्तू आपल्या तक्त्यात बसायला बांधील नाहीत हे मुलांना दहाव्या वर्षी ऐकू आलं तर चांगलंच. कॉर्नफ्लोअरमध्ये थोडं थोडं पाणी घालून घट्टसर लापशी करून द्या. बोट हळू घातलं तर बुडतं, बुक्की मारली तर दगडासारखी लागते. तासभर घर शांत राहतं, एवढं नक्की.

वजनाचा प्रयोग मात्र प्रत्येकानं करावाच. बरणीत बर्फाचे खडे घालायचे, झाकण घट्ट लावायचं, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करायचं. बर्फ वितळला की पुन्हा वजन. बहुतेक मुलांचा अंदाज असतो की पाणी बर्फापेक्षा हलकं भरेल, कारण बर्फ हाताला कडक आणि म्हणून जड वाटतो. मी पहिल्यांदा हा प्रयोग वर्गात केला तेव्हा वजन सुरुवातीला ३१२ ग्रॅम होतं आणि शेवटी ३१५ भरलं. वाढलंच! मुलांनी लगेच निष्कर्ष काढला, वितळल्यावर वजन वाढतं. मी पुरती अडखळले, कारण मलाही उत्तर पटकन सुचेना. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलानं बरणी उचलली आणि म्हणाला, “बाई, ही बाहेरून भिजलीये.” नॅपकिननं बरणी कोरडी केली, काट्यावर ठेवली. ३१२.

त्या तीन ग्रॅमांनी मला पुढच्या आठवड्याचा धडा दिला. ते पाणी आलं कुठून? ‘बरणीतून झिरपलं,’ हे पहिलं उत्तर. मग आम्ही कोकमचं सरबत केलं, चांगलं लालभडक, त्यात बर्फ घातला आणि काचेचा ग्लास टेबलावर ठेवला. ग्लासला घाम आला. पांढऱ्या टिश्यूनं पुसला तर टिश्यू पांढराच राहिला. झिरपलं असतं तर लाल व्हायला हवं होतं. म्हणजे पाणी आतलं नाही. बाहेरून आलं तर बाहेर काय आहे? बाहेर फक्त हवा. हवेत पाणी आहे, दिसत नाही पण आहे, आणि गार काच भेटली की पुन्हा द्रव होतं. एका ओळीत सांगता येणारी ही गोष्ट मुलांना पटायला दोन दिवस आणि एक कोकम सरबत लागलं, आणि मला तो वेळ वाया गेलासा अजिबात वाटत नाही.

इथेच महाराष्ट्राच्या हवामानाचा फार छान उपयोग होतो. मे महिन्यात मुंबईत गार पाण्याच्या ग्लासखाली टेबलावर डबकं होतं. नागपुरात त्याच महिन्यात पुष्कळदा ग्लास जेमतेम धुरकट होतो, कारण तिथली उन्हाळी हवा कोरडी. उलट माठाचं पाणी नागपुरात छान गार होतं आणि मुंबईत तितकं होत नाही. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी उडून जाताना माठातली उष्णता घेऊन जातं; मुंबईच्या दमट हवेत ते उडायलाच तयार नसतं. वाळ्याचा कूलर विदर्भात घरोघर आणि मुंबईत जवळपास नाही, त्याचंही कारण हेच. दोन्हीकडे नातेवाईक असतील तर मुलांना फोनवरून विचारू द्या, एकाच दिवशी, एकाच वेळी: तुमच्याकडे ग्लासला किती घाम आला? दोरीवरचा टॉवेल किती वेळात वाळला? माझ्या अनुभवात मुलांना हे फोन करायला फार आवडतं.

वाफेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे आपण मोठी माणसंच मुलांना चुकीचं शिकवतो. किटलीच्या तोंडातून निघणारा पांढरा धूर दाखवून आपण म्हणतो, ‘बघ, वाफ.’ तो पांढरा लोट म्हणजे पाण्याचे अतिशय बारीक थेंब, म्हणजे द्रव. वायुरूप वाफ दिसत नाही. पाणी खळाखळा उकळत असताना किटलीच्या तोंडाकडे लांबून नीट पाहा. तोंडालगत थोडी जागा मोकळी दिसते, काहीच नसल्यासारखी, आणि त्याच्या पुढे पांढरं सुरू होतं. खरी वाफ त्या मोकळ्या जागेत आहे. पुढे हवेत गार होऊन तिचे थेंब होतात, म्हणून दिसायला लागतात. तो मोकळा भागच सगळ्यात जास्त भाजतो, तेव्हा मुलाला हाताला धरून दोन पावलं मागे उभं करा. थंडीत तोंडातून निघणारी ‘वाफ’, घाटातलं धुकं आणि आकाशातले ढग हे सगळे त्या पांढऱ्या लोटाचे भाऊबंद. ढग वायू आहे असं सांगणारी मुलं पुष्कळ भेटतात, आणि दोष त्यांचा नाही.

भाताचं आधण ठेवलं की आणखी एक प्रश्न विचारायचा. पाणी उकळतं तेव्हा हे मोठे बुडबुडे उठतात, त्यांच्यात काय असतं? न्यूझीलंडमधल्या ऑस्बोर्न आणि कॉस्ग्रोव्ह यांनी शाळकरी मुलांना हा प्रश्न विचारला होता. त्यांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. उष्णता, हवा, ऑक्सिजन आणि हायड्रोजन अशी उत्तरं त्यांना मिळाली, आणि वरच्या वर्गांतली, विज्ञान शिकलेली मुलंही त्यात होती. मला माझ्या वर्गात थेट हीच उत्तरं मिळतात. खरं उत्तर आहे पाणी. वायुरूप झालेलं पाणी. सुरुवातीला तळाला चिकटलेले बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात, पण खळखळून उकळताना येणारे मोठे बुडबुडे वाफेचे. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १६०० पट जागा घेते. म्हणजे एका लहान चमच्याभर, ५ मिलिलिटर पाण्याची जवळजवळ ८ लिटर वाफ, मध्यम बादलीभर. कुकरचं झाकण घट्ट का बसवतात आणि शिट्टी का होते, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. मोठ्या मुलांना एवढं आणखी सांगा की कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंचीवर, उघड्या पातेल्यात ९५-९६ अंशांनाच. म्हणून उंचावर उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही.

आतापर्यंत मी वायूच्या कडेकडेनं गेले. मुलांना सगळ्यात अवघड तोच जातो. दिसत नाही, धरता येत नाही, त्यामुळे ‘काहीच नाही’ आणि ‘वायू’ यांत त्यांना फरक वाटत नाही. त्यात आपल्या घरात ‘गॅस’ म्हणजे शेगडीचा गॅस, आणि वर्तमानपत्रात वायू येतो तो वायुगळतीतच. त्यामुळे वायू म्हणजे काहीतरी जळणारं किंवा जीवघेणं असं पुष्कळ मुलांना वाटतं, आणि हवा हासुद्धा वायूच, किंबहुना अनेक वायूंचं मिश्रण, हे त्यांच्या गावी नसतं. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या फान हेल्मोंट यानं ‘गॅस’ हा शब्द घडवला तोपर्यंत युरोपातल्या विद्वानांकडेही हवेहून वेगळ्या वायूंसाठी धड नाव नव्हतं. आठ वर्षांच्या मुलाला वेळ लागणारच.

हवा जागा घेते, हे दाखवायचा जुना प्रयोग अजूनही सगळ्यात चांगला आहे. काचेच्या ग्लासच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा, ग्लास उपडा करून सरळ बादलीतल्या पाण्यात बुडवा, सरळच वर काढा. बोळा कोरडा. मग पुन्हा बुडवून ग्लास थोडा तिरका करा. बुडुक आवाज होतो, बुडबुडा निघतो, बोळा भिजतो. तो बुडबुडा मुलाला स्वतः सोडू द्या, त्याच्या हाताला जाणवू द्या.

नंतर औषधांच्या दुकानातून सुई नसलेली नवी सिरिंज आणा, १० मिलिलिटरची. दट्ट्या वर ओढून हवा भरा, टोकावर बोट दाबा आणि दट्ट्या ढकला. तो निम्म्याच्या आसपास जातो आणि सोडला की परत उसळतो. आता हवेच्या जागी पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, पुन्हा टोक दाबा आणि ढकला. हलत नाही. घरातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला ढकलायला सांगा, तरी हलत नाही. वायू आणि द्रव दोन्ही वाहतात, पण दाबला जातो तो वायू. हा फरक पुस्तकात एका ओळीत असतो आणि बोटाला मात्र कायमचा लक्षात राहतो. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अशा साध्या, टाकाऊ वस्तूंतून केवढं काम उभं केलं. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तिका मोफत मिळतात, त्या जरूर पाहा.

हवेला वजन असतं, हे पटवायला फुगे आणि तराजूच्या भानगडीत पडू नका, तो प्रयोग पुष्कळदा फसतो. त्यापेक्षा फुटबॉल घ्या. गोल राहील पण दाबला तर नरम लागेल इतकीच हवा ठेवून काट्यावर वजन करा. मग पंपानं कडक भरा, पुन्हा वजन करा. ४-५ ग्रॅमनी वाढतं. चेंडू जेमतेम तेवढाच, वाढली ती फक्त हवा. त्यावरून मुलांना खोलीकडे घेऊन जाता येतं. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो असतं. दहा फूट बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण ४० किलो हवा आहे. पाचवीतल्या एखाद्या मुलाच्या वजनाहून जास्त! हे ऐकून मुलं खोलीकडे वेगळ्याच नजरेनं बघतात.

सिलिंडरवरही वजनच लिहिलेलं असतं. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस भरतात आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच वेगळं दिलेलं असतं. म्हणजे वायू आपण किलोवर विकत घेतो, आणि याकडे आपलं कधी लक्षच गेलेलं नसतं. आत तो मुख्यतः द्रवरूपात असतो, दाबाखाली. बाहेर येताना वायू होतो. एवढी माहिती लांबून, बोट दाखवून पुरे. सिलिंडरला मुलांचा हात लागू द्यायचा नाही.

कणांची गोष्ट कधी काढायची? तिसरी-चौथीत नको. सहावीच्या आसपास, वर सांगितलेलं सगळं हाताखालून गेल्यावर. तेव्हा मी मुलांना मैदानावर नेते. आधी रांगांत खेटून उभी राहा, हात धरा, जागा सोडायची नाही, पण जागच्या जागी थरथरत राहा. हा स्थायू. आता हात सोडा, एकमेकांना खेटूनच राहा, पण वाट काढत फिरा. हा द्रव. आता शिट्टी झाली की सगळीकडे पळा. हा वायू. यात दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. एक, द्रवात कण जवळजवळ स्थायूइतकेच खेटलेले असतात. पुष्कळ चित्रांत ते ऐसपैस पसरलेले दाखवतात, पण मग सिरिंजमधलं पाणी दाबलं का गेलं नाही? मुलांनाच विचारा. दोन, दोन कणांच्या मध्ये काय असतं? ‘हवा’, हे हमखास उत्तर. मध्ये काहीही नसतं, हवाही स्वतः कणांचीच बनलेली आहे, हे ऐकल्यावर वर्गात एक विलक्षण शांतता होते. त्या शांततेत लगेच काही बोलू नका.

पाणी मात्र इथे आडमुठेपणा करतं. तूप थिजलं की मध्ये खळगा पडतो, कारण थिजताना ते आकसतं. मेणाचंही तसंच. पाणी गोठताना ९ टक्क्यांच्या आसपास फुगतं, म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये मध्यभागी उंचवटा येतो आणि फ्रीझरमध्ये काठोकाठ भरलेली बाटली फुटते. तुपाची बरणी आणि बर्फाचा ट्रे शेजारी शेजारी ठेवा. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि थिजलेल्या तेलाचा गोळा तेलात तळाशी बसतो, या दोन्ही गोष्टींचा उलगडा तिथेच होतो.

एक प्रश्न दर वर्षी येतो आणि मी त्याची वाट पाहत असते. ‘बाई, तापवल्यावर सगळं पातळ होतं, मग अंडं घट्ट का होतं?’ इडलीच्या पिठाचं, धिरड्याचंही तेच. प्रश्न उत्तम आहे, त्याला ‘ते वेगळं’ म्हणून बाजूला सारू नका. उकडलेलं अंडं फ्रीजमध्ये ठेवलं तर पुन्हा कच्चं होतं का, असं विचारा. तेल थिजलं तर पुन्हा वितळतं, बर्फाचं पाणी आणि पाण्याचा बर्फ कितीदाही होतो. अंड्याचं तसं नाही, कारण उष्णतेनं अंड्यातली प्रथिनंच बदलतात. चौथ्या अवस्थेचा, प्लाझ्माचा प्रश्न कुणी टीव्हीवर ऐकून विचारलाच, तर सूर्य आणि वीज चमकणं एवढं सांगून थांबावं. पाचवीत त्याहून पुढे जाण्यात हशील नाही.

शेवटचा प्रयोग धीराचा आहे, आणि मुलांनी एकट्यानं करायचा नाही, कारण कापूर पोटात गेला तर विषारी ठरतो, आकडी येऊ शकते. लहान भावंडांच्या हाती लागणार नाही अशा उंच फडताळात एक पांढरा कागद पसरा, त्यावर कापराची वडी ठेवा, आणि मुलाला तिच्याभोवती पेन्सिलीनं रेघ मारायला सांगा, शेजारी तारीख लिहायला सांगा. दर दोन दिवसांनी पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. उन्हाळ्यात वडी भराभर उडते, थंडीत सावकाश. कागद ओला झाला का, हे मुलाला दर वेळी बोट लावून पाहू द्या, आणि मग साबणानं हात धुवायला लावा. वडी बारीक होत जाते, एकात एक वर्तुळं वाढत जातात, कागद कोरडाच राहतो. मध्ये पातळ झाल्याचं कुठे दिसत नाही, आणि फडताळाचं दार उघडलं की वास मात्र सगळ्या खोलीत येतो. त्या दिवशी मुलाला विचारा, कापूर आत्ता कुठे आहे.